इंग्रजी वाक्याची बैठक

मराठीत ‘मी’ हा शब्द बहुधा वाक्याच्या आरंभी कर्ता होऊन बसतो. इंग्रजीतही ‘मी’ असा उच्चार असलेला एक शब्द आहे. पण त्याचा अर्थ ‘मला’ असा होतो. कर्त्याची जागा तेथे ‘आय’ या शब्दाची. आपल्याकडे ‘ही’ म्हणजे जवळची मुलगी. इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो. आपला तृतीयेचा प्रत्यय ‘शी’. इंग्रजीत ‘शी’ म्हणजे ती. कानाला सारखे लागणारे हे शब्द वाक्यात मात्र अगदी निराळी कामे करतात. कोणता शब्द कोणत्या कामावर आहे हे इंग्रजीत मुख्यतः त्याच्या जागेवरून ओळखावयाचे असते. त्या जागांचा, म्हणजे इंग्रजी वाक्याच्या बैठकीचा, थोडा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

शब्द पाठ असूनही वाक्य का जमत नाही, हा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांना पडतो. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे समजावून सांगणे, ‘मी’ म्हणजे मला, ‘धिस लेसन’ म्हणजे हा धडा, हे सर्व ज्याला ठाऊक आहे असा विद्यार्थी ‘एक्स्प्लेन मी धिस लेसन’ असे लिहितो आणि गुण गमावतो. त्याचा एकही शब्द चुकलेला नसतो. चुकलेली असते ती बैठक. मग घरीदारी म्हटले जाते, ‘मराठी शाळेतले मूल, त्याला इंग्रजी कोठून येणार!’ हा समज मुलाच्या मनात घर करून बसला म्हणजे वहीतील चुकीपेक्षाही अधिक नुकसान करतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याला मराठीतील विभक्ती नीट समजली, त्याच्या हाती इंग्रजी वाक्याची किल्ली आधीच आलेली आहे. ती कुलपाला कशी लावावयाची एवढेच शिकणे उरते.

प्रत्यय आणि जागा

‘रामाने गोविंदाला पाहिले’ हे वाक्य घ्या. शब्द उलटसुलट करून ‘गोविंदाला रामाने पाहिले’ किंवा ‘पाहिले रामाने गोविंदाला’ असे म्हटले, तरी पाहणारा रामच राहतो. कारण ‘ने’ हा प्रत्यय रामाला आणि ‘ला’ हा प्रत्यय गोविंदाला घट्ट धरून असतो. शब्द कोठेही गेला तरी आपली ओळख बरोबर घेऊन जातो.

इंग्रजीत ‘राम सॉ गोविंद’ असे म्हटले तर राम पाहणारा. ‘गोविंद सॉ राम’ असे म्हटले की गोविंद पाहणारा झाला. कोणत्याही नामाला प्रत्यय लागलेला नाही. क्रियापदाच्या आधी बसला तो कर्ता, नंतर बसला ते कर्म, असा हा व्यवहार आहे.

इंग्रजी भाषा पूर्वीपासून अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. पुढील काही शतकांत ते झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागेने व शब्दयोगी अव्ययांनी उचलले. नामांजवळ षष्ठीची तेवढी खूण उरली. सर्वनामांनी मात्र जुन्या विभक्तीची आठवण अजून जपून ठेवली आहे. कर्ता असताना ‘आय’, कर्म असताना ‘मी’. तसेच ‘ही’ व ‘हिम’, ‘शी’ व ‘हर’, ‘वुई’ व ‘अस’, ‘दे’ व ‘देम’. ‘यू’ आणि ‘इट’ ही दोन रूपे मात्र दोन्ही जागी तशीच राहतात.

यांतील ‘हिम’ हे रूप मूळचे चतुर्थीचे आहे. पुढे त्यानेच द्वितीयेचेही काम पत्करले. आपल्या ‘त्याला’ या एकाच रूपात द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्ती नांदतात, त्यातलाच हा प्रकार. ‘यू’ची कथा याहून मौजेची. तेही एकेकाळी केवळ कर्माचे रूप होते; कर्त्यासाठी ‘यी’ असे निराळे रूप होते. पुढे ‘यू’ने कर्त्याची जागाही घेतली आणि ‘यी’ मागे पडले. आपला मराठी ‘मी’ देखील संस्कृतातील ‘मया’ या तृतीयेच्या रूपापासून आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. अशा रीतीने दोन्ही भाषांत एकेक शब्द आपली जुनी जागा सोडून कर्त्याच्या जागी येऊन बसला आहे.

पहिली बैठक : कर्ता, क्रियापद, कर्म

‘आय नो हिम’, ‘शी हेल्प्स अस’, ‘दे सॉ मी’ ही सर्वांत साधी रचना होय. येथे मराठी विद्यार्थ्याने एकच गोष्ट जपावयाची. मराठीत ‘मला’ दिसले की इंग्रजीत ‘मी’ लिहावे, असा नियम नाही. ‘मला तो आवडतो’ या वाक्याचे इंग्रजी ‘आय लाइक हिम’ असे होते. मराठीतील ‘मला’ तेथे ‘आय’ झाला आणि मराठीतील ‘तो’ तेथे ‘हिम’ झाला. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. ‘मला ते माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो इट’. ‘मला एक भाऊ आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ ब्रदर’.

यावरून असे दिसते की आवडणे, माहीत असणे, जवळ असणे यांसारख्या गोष्टी मराठीत माणसाकडे येतात, म्हणून माणूस चतुर्थीत बसतो. इंग्रजीत त्याच गोष्टींचा माणूस कर्ता होतो. म्हणून प्रत्येक वाक्यापुरता प्रथम असा प्रश्न करावा : ‘या इंग्रजी क्रियापदाचा कर्ता कोण?’ प्रत्ययाचे रूपांतर त्यानंतर.

दुसरी बैठक : दोन कर्मे

‘मला पुस्तक दे’ या वाक्यात ‘पुस्तक’ हे प्रत्यक्ष कर्म आणि ‘मला’ हे अप्रत्यक्ष कर्म. इंग्रजीत याच्या दोन रचना होतात. एक ‘गिव्ह मी द बुक’ आणि दुसरी ‘गिव्ह द बुक टु मी’. पहिलीत माणूस आधी बसतो आणि त्याला अव्ययाची गरज लागत नाही. दुसरीत वस्तू आधी बसते आणि माणूस ‘टु’चा हात धरून मागून येतो. हा ‘टु’ म्हणजे आपला ‘ला’च, फक्त तो शब्दाच्या मागे न लागता पुढे चालतो. जेथे ‘साठी’ हा अर्थ असेल तेथे ‘टु’ऐवजी ‘फॉर’ येतो. ‘शी मेड मी टी’ आणि ‘शी मेड टी फॉर मी’ या दोहोंचा अर्थ ‘तिने माझ्यासाठी चहा केला’ असाच आहे.

वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ हे सर्वनाम आले की दुसरी रचना पत्करावी हे उत्तम : ‘गिव्ह इट टु मी’, ‘शो देम टु हिम’.

तिसरी बैठक : जेथे ‘टु’ सोडता येत नाही

आता आरंभीच्या चुकीकडे वळू. ‘गिव्ह मी’ चालते, ‘टेल मी’ चालते, मग ‘एक्स्प्लेन मी’ का चालू नये? मराठीत तर ‘मला दे’, ‘मला सांग’, ‘मला समजावून सांग’ ही तिन्ही एकाच साच्याची आहेत. याचे उत्तर त्या शब्दांच्या इतिहासात बऱ्याच अंशी सापडते. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘शो’, ‘सेंड’ हे आखूड शब्द जुन्या घरगुती इंग्रजीतले आहेत आणि ते दोन कर्मे सहज वागवतात. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’ हे लॅटिन किंवा फ्रेंच भाषेतून आलेले शब्द. त्यांना वस्तू हेच कर्म चालते. माणूस यावयाचा तर ‘टु’ घेऊनच. म्हणून ‘एक्स्प्लेन धिस लेसन टु मी’, ‘डिस्क्राइब द टेंपल टु अस’ असे लिहावे. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ हे लॅटिन मुळाचे शब्द असूनही दोन कर्मे घेतात. आणि ‘से’ हा शब्द घरचाच असूनही त्याला ‘टु’ लागतो. ‘ही टोल्ड मी’ पण ‘ही सेड टु मी’, हा भेद पाठच करावा.

चौथी बैठक : शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम

मराठीत ‘घरात’, कोकणीत ‘घरांत’, हिंदीत ‘घर में’, गुजरातीत ‘घरमां’, कन्नडात ‘मनेयल्लि’, तेलुगूत ‘इंट्लो’. बेळगाव असो की बडोदे, इंदूर असो की हैदराबाद, आपल्या कानावर पडणाऱ्या या सर्व भाषांत घर आधी येते आणि ‘आत’ मागून येतो. इंग्रजीत ‘इन द हाउस’ म्हणताना ‘आत’ आधी आणि घर मागून. एवढा फरक लक्षात ठेवला आणि या अव्ययानंतर येणारे सर्वनाम नेहमी कर्माच्या रूपात असते हे जाणले, की निम्मे काम झाले. ‘विथ मी’, ‘फ्रॉम हिम’, ‘बिट्वीन यू अँड मी’ हे बरोबर. ‘बिट्वीन यू अँड आय’ हे व्याकरणाला धरून नाही. मराठीतही ‘मीबरोबर’ असे कोणी म्हणत नाही. ‘माझ्याबरोबर’ असे सामान्यरूपच करतो.

उरलेले निम्मे काम अधिक कष्टाचे आहे. कोणत्या क्रियापदाला कोणते अव्यय, हे त्या क्रियापदाने स्वतःच ठरवलेले असते. ‘माझी वाट पाहा’ यात मराठीला षष्ठी लागते. इंग्रजीत ‘वेट फॉर मी’. ‘त्याला हसू नको’ यात मराठीला ‘ला’ लागतो. इंग्रजीत ‘डू नॉट लाफ ॲट हिम’. ‘माझे ऐक’ म्हणजे ‘लिसन टु मी’. उलट, मराठीत प्रत्यय किंवा अव्यय असूनही इंग्रजीत काहीच नको अशीही क्रियापदे आहेत. ‘आम्ही त्यावर चर्चा केली’ म्हणजे ‘वुई डिस्कस्ड इट’; तेथे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ लागत नाही. ‘त्याने तिच्याशी लग्न केले’ म्हणजे ‘ही मॅरीड हर’. ‘ती खोलीत शिरली’ म्हणजे ‘शी एंटर्ड द रूम’. रजेच्या अर्जात ‘मी आपणांस विनंती करतो’ या अर्थी ‘आय रिक्वेस्ट टु यू’ असे लिहिलेले वारंवार आढळते. तेथे ‘आय रिक्वेस्ट यू’ एवढेच पाहिजे.

एका अव्ययाने अर्थ कसा फिरतो तेही पाहा. ‘फादर लेफ्ट पुणे’ म्हणजे वडील पुण्याहून निघाले. ‘फादर लेफ्ट फॉर पुणे’ म्हणजे वडील पुण्यास जावयास निघाले. ‘फॉर’ गळला तर निरोप वाचणारा माणूस पाहुण्याला आणावयास भलत्याच गावच्या स्टेशनावर जाऊन उभा राहील. ‘थ्रो द बॉल टु हिम’ म्हणजे त्याला झेलता येईल असा चेंडू टाक. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागेल असा फेकून मार. यास्तव अव्यय ही वाक्याची शोभा नसून वाक्याचा अर्थच त्यावर उभा असतो.

पाचवी बैठक : कर्म आणि त्यामागून अव्यय

काही क्रियापदांना आधी एक कर्म लागते आणि मग अव्ययासह दुसरे नाम लागते. ‘थँक हिम फॉर हिज हेल्प’ म्हणजे मदतीबद्दल त्याचे आभार मान. ‘शी रिमाइंडेड मी ऑफ माय प्रॉमिस’ म्हणजे तिने मला माझ्या वचनाची आठवण करून दिली. येथे एक जोडी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘दे स्टोल अ वॉच फ्रॉम हिम’ आणि ‘दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच’. ‘स्टील’चे कर्म वस्तू, ‘रॉब’चे कर्म माणूस. हे अवघड वाटत असेल तर मराठीकडे वळून पाहा. आपण ‘घड्याळ चोरले’ म्हणतो, पण ‘माणसाला लुबाडले’ म्हणतो. हाच भेद आपल्या भाषेतही आहे. आपण तो शिकलो नाही, आईच्या तोंडून उचलला.

सहावी बैठक : लहान शब्दाची दोन रूपे

‘पुट ऑन युवर कॅप’ आणि ‘लुक ॲट द पिक्चर’ ही दोन वाक्ये वरवर सारखी दिसतात. नामाच्या जागी सर्वनाम घालताच त्यांचा भेद उघड होतो. ‘पुट इट ऑन’ असे म्हणावे लागते, ‘पुट ऑन इट’ चालत नाही. उलट ‘लुक ॲट इट’ असेच म्हणावे लागते, ‘लुक इट ॲट’ चालत नाही. पहिल्या वाक्यातील ‘ऑन’ हा क्रियापदाचा सोबती आहे, दोघे मिळून ‘घालणे’ हा एक अर्थ होतो; सर्वनाम त्या दोघांच्या मध्ये बसते. दुसऱ्या वाक्यातील ‘ॲट’ हे पुढील शब्दाचे अव्यय आहे, म्हणून सर्वनाम त्याच्या मागून येते.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. नाम मध्ये घालून पाहावे. ‘पुट युवर कॅप ऑन’ हे वाक्य चालते, तेव्हा सर्वनामही मध्येच बसणार. ‘लुक द पिक्चर ॲट’ हे चालत नाही, तेव्हा सर्वनामही मागेच राहणार. ‘स्विच इट ऑफ’, ‘पिक देम अप’ हे पहिल्या जातीचे. ‘लुक आफ्टर हर’, ‘वेट फॉर देम’ हे दुसऱ्या जातीचे.

क्रियापद एकटे पाठ करू नये

इंग्रजी क्रियापदांच्या या साच्यांचा पद्धतशीर विचार ज्यांनी केला त्यांत ए. एस. हॉर्नबी यांचे नाव प्रमुख आहे. हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानात शिकविण्यास गेले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना कोठे अडते हे त्यांनी तेथे वर्गात पाहिले. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी रचलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. नुसता अर्थ देऊन न थांबता क्रियापद कोणत्या साच्यात बसते हेही त्या कोशात दाखविले होते. १९५४ साली त्यांनी रचनांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात क्रियापदांचे २५ साचे मांडले. हे ज्ञान परभाषा शिकणाऱ्यांच्या अडचणींतूनच जन्मास आले. आपल्या चुका म्हणजे काही आपल्या एकट्याचा कलंक नव्हे. त्या चुकांतूनच उत्तम कोश घडले आहेत.

म्हणून आमची सूचना अशी, की वहीत ‘एक्स्प्लेन म्हणजे समजावून सांगणे’ एवढेच लिहू नये. ‘एक्स्प्लेन इट टु मी’ असे पूर्ण वाक्य लिहावे आणि त्यात सर्वनाम अवश्य घालावे. सर्वनामाचे रूप बदलत असल्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोण हे तेथे डोळ्यांना दिसते. रोज अशी तीन वाक्ये मोठ्याने म्हणून लिहिली तर वर्षाकाठी हजारावर वाक्ये होतात. तेवढी पुंजी परीक्षेपुरती नव्हे, पुढील पत्रव्यवहारासही पुरेल.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे इंग्रजी प्रथम स्वतः करून पाहावे आणि मगच उत्तरे वाचावीत.

१. त्याला हे चित्र दाखव. २. ते त्याला दाखव. ३. मला तिचे घर माहीत आहे. ४. आमची वाट पाहा. ५. त्यांनी आम्हांला कारण समजावून सांगितले. ६. दिवा मालव, तो मालव. ७. आम्ही त्यांच्याशी त्यावर चर्चा केली.

उत्तरे : १. ‘शो हिम धिस पिक्चर’; माणूस आधी आला, म्हणून ‘टु’ नको. २. ‘शो इट टु हिम’. वस्तू सर्वनाम झाली, म्हणून ती आधी. ३. ‘आय नो हर हाउस’. मराठीतील ‘मला’ येथे कर्ता झाला. ४. ‘वेट फॉर अस’. ५. ‘दे एक्स्प्लेन्ड द रीझन टु अस’. ६. ‘स्विच ऑफ द लाइट’. पण ‘स्विच इट ऑफ’. ७. ‘वुई डिस्कस्ड इट विथ देम’. विषयाला अव्यय नको, माणसाला मात्र ‘विथ’ हवे.

पालकांसाठी दोन शब्द

वरील प्रत्येक बैठक समजावून देताना आम्हांस कर्ता, कर्म, विभक्ती, सामान्यरूप हेच शब्द उपयोगी पडले. हे शब्द मुलांना मराठीच्या तासाला मिळतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ बाहेर आले. या वारशाचा लाभ घेणारे मूल इंग्रजीत मागे पडण्याचे कारण नाही. उलट, ज्याने आपल्या भाषेतील वाक्य उलगडून पाहिले आहे त्यालाच दुसऱ्या भाषेतील वाक्य कोठे वेगळे वळते ते चटकन दिसते. मुलाचे इंग्रजी कच्चे वाटले तर मराठीचा तास कमी करू नये. त्याच्याजवळ बसावे, एक मराठी वाक्य घ्यावे आणि ‘यातील कर्ता कोण? कर्म कोणते? या क्रियापदाला कोणाची सोबत लागते?’ असे तीन प्रश्न विचारावेत. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही हे प्रश्न विचारता येतील, आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता मूल इंग्रजी वाक्य नीट बसवू लागेल.